कृषी विद्यापीठांचे भवितव्य आणि आपले शेत

खरिपाच्या तोंडावर बियाण्याची पिशवी हाती घेतली म्हणजे आपण तिच्यावरील वाणाचे नाव वाचतो, उगवणशक्तीचा टक्का पाहतो, किंमत विचारतो आणि घरी येतो. नावातील अक्षरे कशाची आहेत, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. सोयाबीनच्या पिशवीवर 'एमएयूएस ७१' असे लिहिलेले असते. त्यातील पहिली तीन अक्षरे मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या इंग्रजी नावाची असून शेवटचे अक्षर सोयाबीनचे आहे. 'केडीएस ७२६' मधील पहिली दोन अक्षरे सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज या गावाची होत. तेथे राहुरीच्या विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तुरीच्या 'बीडीएन ७११' या वाणाने जालना जिल्ह्यातील बदनापूरचे नाव धारण केले आहे. ज्वारीच्या 'परभणी मोती' मधील परभणी आणि 'फुले रेवती' मधील फुले ही नावे तर उघडच आहेत. अशा रीतीने कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाचे नाव आपण दरवर्षी मातीत पेरीत असतो.

गेल्या हंगामापूर्वी एका गावी बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकानंतर बैठक चालू असता एका वयस्क शेतकऱ्यांनी मला विचारले, "साहेब, विद्यापीठ म्हणजे पोरांना पदव्या देण्याची जागा. तिचे पुढे बरे होवो की वाईट होवो, माझ्या सात एकरांचा तिच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी चार वाक्यांत उत्तर दिले, परंतु ते अपुरे आहे हे माझे मलाच जाणवले. उच्च शिक्षण आणि संशोधन यांचे पुढे काय होणार, याची चर्चा आज शहरांतून पुष्कळ होते. तीच चर्चा शिवारात का व्हावयास हवी, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

विद्यापीठाची कल्पना कोठून आली

शेतीसाठी वेगळे विद्यापीठ ही कल्पना आपल्याकडे मूळ धरू लागली ती स्वातंत्र्यानंतर. तिचा उगम अमेरिकेत आहे. १८६२ साली, तेथील यादवी युद्ध चालू असतानाच, मॉरिल कायदा संमत झाला. त्यान्वये प्रत्येक राज्याला त्याच्या संसदेतील दर प्रतिनिधीमागे ३०,००० एकर सरकारी जमीन मिळाली आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभी राहिली. नुसते शिकवून भागत नाही, शिकविण्याजोगे ज्ञान आधी निर्माण व्हावे लागते, हे लवकरच ध्यानी आले. म्हणून १८८७ च्या हॅच कायद्याने या महाविद्यालयांना प्रयोग केंद्रे जोडली गेली. प्रयोगाचा निष्कर्ष कपाटात राहून उपयोग नाही, हे कळल्यावर १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारकार्याची जोड मिळाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार हे तीन पाय त्या संस्थेला एकदम फुटलेले नाहीत. अनुभवाने एकेक पाय जोडावा लागला, आणि त्यास ५२ वर्षे लागली.

आपल्या देशात डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ साली ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली आणि १९६० साली पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे व नागपूर येथील कृषी महाविद्यालये त्याहून बरीच जुनी आहेत. परंतु त्या काळी शिक्षण एका छत्राखाली आणि संशोधन दुसऱ्या छत्राखाली अशी विभागणी होती. १९६८ साली राज्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली अशी आणखी तीन विद्यापीठे झाली. कोकणचा पाऊस, विदर्भाचा कापूस, मराठवाड्याची काळी जमीन आणि पश्चिम महाराष्ट्राचा ऊस यांना एकच औषध लागू पडत नाही, हा त्यामागील विचार होता.

ही विद्यापीठे केवळ कागदी निर्णयाने मिळालेली नाहीत, हे तरुण पिढीने लक्षात ठेवावयास हवे. अकोल्यास कृषी विद्यापीठ व्हावे म्हणून १९६७ च्या ऑगस्ट महिन्यात विदर्भात आंदोलन झाले आणि गोळीबारात माणसांचे प्राण गेले. धरणासाठी वा रस्त्यासाठी लढणारे लोक आपण पाहिले आहेत. येथे लोक विद्यापीठासाठी लढले. राहुरीच्या विद्यापीठास ज्यांचे नाव आहे त्या महात्मा जोतीराव फुले यांनी तर त्यापूर्वी पाऊणशेहून अधिक वर्षे, १८८२ साली, हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या थरालाच होतो, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्याच वर्षी लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातही शेतकऱ्याच्या अज्ञानाचा आणि त्याच्या लुबाडणुकीचा संबंध त्यांनी स्पष्ट करून दाखविला आहे. शेतकऱ्याच्या पैशातून उभे राहिलेले ज्ञान शेतकऱ्याकडे परत यावे, ही कृषी विद्यापीठाची खरी कसोटी होय. भवितव्याचा विचारही याच कसोटीवर करणे योग्य ठरेल.

एका वाणामागील वर्षे

संशोधन म्हणजे प्रयोगशाळेत एके दिवशी लागलेला शोध, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शेतीतील संशोधन तसे नसते. ते पिकाच्या गतीने चालते आणि पिकाला घाई करता येत नाही.

रब्बी ज्वारीचे उदाहरण घेऊ. एका वाणात कडब्याची प्रत चांगली आहे, पण तो खोडमाशीला बळी पडतो. दुसरा काटक आहे, पण त्याचे दाणे बारीक आहेत. या दोहोंचा संकर केला म्हणजे दुसऱ्या पिढीत शेकडो तऱ्हेची झाडे निघतात. त्यांतून हवी ती झाडे निवडावयाची, त्यांच्या कणसांना परागसंकर टाळण्यासाठी कागदी पिशव्या बांधावयाच्या, दाणे वेगळे ठेवावयाचे, पुढील वर्षी प्रत्येक कणसाची वेगळी ओळ पेरावयाची आणि पुन्हा निवड करावयाची. ओळी एकसारख्या दिसू लागेपर्यंत पाच-सहा पिढ्या जातात. रब्बीचे पीक साधारणतः वर्षातून एकदाच येते, म्हणजे पाच-सहा वर्षे येथेच गेली. त्यानंतर केंद्रावरील उत्पादन चाचण्या, मग निरनिराळ्या ठिकाणच्या चाचण्या, मग देशपातळीवरील समन्वित प्रकल्पातील चाचण्या आणि शेतकऱ्यांच्या शेतावरील प्रयोग. एवढ्या चाळण्यांतून जो वाण टिकतो त्याची शिफारस व अधिसूचना होते. नंतरही पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत बियाणे आणि त्यापासून प्रमाणित बियाणे अशी साखळी चालते आणि प्रत्येक कडीला एक हंगाम लागतो. पहिल्या संकरापासून आपल्या हाती पिशवी येईपर्यंत दहा-बारा वर्षे उलटलेली असतात.

उसाच्या 'को ८६०३२' या वाणाच्या क्रमांकातच हा काळ नोंदलेला आहे. 'को' म्हणजे कोइमतूर आणि ८६ म्हणजे तेथे त्यास क्रमांक मिळाल्याचे १९८६ हे वर्ष. त्यानंतर साधारण दशकभर चाचण्या झाल्या, तेव्हा कोठे महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांच्या शेतात तो पोहोचला. ज्वारीच्या 'मालदांडी ३५-१' ची कथा याहून जुनी आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून १९३० च्या दशकात ही निवड करण्यात आली. ज्यांनी ती केली त्यांच्यापैकी आज कोणी हयात नसेल, पण भाकरीची चव आणि कडब्याची गोडी यांसाठी शेतकरी आजही तिची मागणी करतात. एका माणसाने काळजीपूर्वक निवडलेल्या कणसांनी तीन-चार पिढ्यांना खाऊ घातले आहे. अशी गुंतवणूक अन्य कोणत्या क्षेत्रात सापडेल?

हे काम दुसऱ्यावर सोपविता येईल काय?

बियाणे कंपन्या आज मोठ्या प्रमाणावर संशोधन करतात, मग सरकारी विद्यापीठांवर खर्च कशाला, असे काही जण विचारतात. कपाशी, मका आणि भाजीपाला यांच्या संकरित वाणांत कंपन्यांनी चांगले काम केले आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि यामागील हिशेब समजून घ्यावा. संकरित वाणाचे बी घरी राखून पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून शेतकऱ्यास दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते आणि संशोधनाचा खर्च भरून निघतो. हरभरा, गहू, सोयाबीन यांचे तसे नाही. एकदा चांगले बी मिळाले की शेतकरी ते पुढील काही वर्षे घरचेच वापरू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा लाभ आहे, पण विक्रेत्याच्या दृष्टीने तोटा. म्हणून अशा पिकांचा भार मुख्यतः सार्वजनिक संशोधनावरच पडतो आणि तो पुढेही पडणार आहे. शिवाय ज्या संकरित कपाशीच्या व्यवसायाचा आज एवढा विस्तार झाला आहे, तिचे व्यापारी लागवडीचे जगातील पहिले वाण 'संकर-४' हे १९७० साली सुरतेच्या सरकारी केंद्रातूनच बाहेर पडले, हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कित्येक उपयुक्त गोष्टी पिशवीत वा बाटलीत भरून विकताच येत नाहीत. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. बांधबंदिस्ती, मशागतीची वेळ, दोन ओळींतील अंतर, कोळपण्यांची संख्या अशा बाबींचा त्यात अभ्यास झाला. कोळपणीच्या वेळेवर कोणाला मक्तेदारी सांगता येणार? गुलाबी बोंडअळीचे उदाहरण ताजे आहे. बीटी कपाशीस २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि २०१७ च्या हंगामात त्याच वाणांवर गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार उडविला. किडीने प्रतिकारशक्ती कमावली होती. अशा वेळी फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या शेतात रचून ठेवू नयेत, कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत आणि मगच फवारणीचा निर्णय घ्यावा, असा सल्ला द्यावा लागतो. "या आठवड्यात फवारणी करू नका" हा सल्ला शेतकऱ्याचे पैसे वाचवितो, पण तो देणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. असा सल्ला देणारी संस्था समाजानेच पोसावी लागते.

खंड पडला म्हणजे काय होते

आता मूळ चिंतेकडे वळू. कृषी विद्यापीठांतील शिक्षक व संशोधकांची पदे मोठ्या संख्येने रिक्त राहिल्याचे गेल्या काही वर्षांत वारंवार दिसून आले आहे. कार्यालयातील पद रिक्त राहिले तर काम तुंबते. माणूस आला की तुंबलेले काम उरकता येते. संशोधनाचे तसे नाही. तेथे खंड पडला की मागील काम वाया जाते.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी एका संशोधन केंद्रावर काही दिवस जात असे. तेथील पैदासकार निवृत्त झाले होते आणि जागा भरली गेली नव्हती. साठवणुकीच्या खोलीत कापडी पिशव्यांच्या ओळी होत्या आणि प्रत्येकीस क्रमांकाचे लेबल होते. नोंदवही उघडली तेव्हा प्रत्येक क्रमांकापुढे सुरेख अक्षरात निरीक्षणे लिहिलेली आढळली आणि एका वर्षानंतर पाने कोरी होती. बियांची उगवणशक्ती कायम राहावी म्हणून असा संग्रह ठराविक वर्षांनी पुन्हा पेरून ताजा करावा लागतो. ते झाले नव्हते. तेथील मजुरांपैकी एक वृद्ध गृहस्थ कोणती ओळ दुष्काळात तग धरून होती ते बोट दाखवून सांगत, परंतु तीही उगवेल अशी खात्री उरली नव्हती. पिशव्या होत्या, इमारत होती, फलकही होता. निघून गेली होती ती वीस-पंचवीस वर्षांची ओळख, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात तोटा म्हणून दाखविली जात नाही.

दीर्घकालीन प्रयोगांना तर सातत्य हाच प्राण असतो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे गव्हाच्या एकाच शेतावरील खतांचा प्रयोग १८४३ पासून चालू आहे. आपल्याकडे कोइमतूर येथील कायमस्वरूपी खतप्रयोग १९०९ चा आहे. अकोल्यासही काळ्या जमिनीत ज्वारी-गहू पीकपद्धतीवर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून असा प्रयोग चालत आला आहे. केवळ नत्र देत राहिले तर जमीन कशी थकते, शिफारशीत खतांना शेणखताची जोड दिली तर सेंद्रिय कर्ब कसा टिकून राहतो, या गोष्टी तीन वर्षांच्या प्रकल्पातून कळत नाहीत. त्यासाठी तीस वर्षे त्याच वाफ्यात, त्याच रीतीने खत घालणारा हात लागतो. हात बदलेल, पण रीत बदलता कामा नये. पदे वेळेवर भरणे आणि जुन्याने नव्यास काम समजावून देण्याइतका काळ दोघांनी एकत्र असणे, ही भवितव्याची पहिली अट आहे.

पैशाचा प्रश्नही आहेच. २०२०-२१ मध्ये आपल्या देशाने सर्व प्रकारच्या संशोधन व विकासावर मिळून सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के एवढाच खर्च केला. तथापि शेतीपुरते बोलावयाचे तर थोडा पण खात्रीचा, वेळेवर येणारा पैसा हा मोठ्या पण अनियमित पैशाहून अधिक उपयोगी पडतो. पेरणी होऊन गेल्यावर आलेला निधी प्रयोगाच्या उपयोगी पडत नाही, हे शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

शिक्षण कशासाठी?

देशात आज साठाहून अधिक राज्य कृषी विद्यापीठे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद केल्याप्रमाणे देशातील सुमारे ९ टक्के विद्यापीठे कृषी विद्यापीठे असली, तरी उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी एक टक्काही विद्यार्थी कृषी व संलग्न शाखांत नाहीत. ज्या देशातील एवढी मोठी लोकसंख्या शेतीवर जगते, त्या देशात हे प्रमाण विचार करावयास लावणारे आहे. त्याच धोरणात कृषी शिक्षण देणाऱ्या संस्थांचा लाभ आसपासच्या समाजास प्रत्यक्ष मिळावा असेही म्हटले आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचा ओढा स्पर्धा परीक्षांकडे असतो. मी स्वतः त्याच वाटेने आलो असल्याने या तरुणांना दोष देणार नाही. नोकरीची ओढ ही घरच्या परिस्थितीतून येते. परंतु ज्याला मातीचे, रोपांचे वा किडींचे खरे कुतूहल आहे अशा विद्यार्थ्यास संशोधनाची वाट खुली दिसली पाहिजे. पुढे जागाच निघणार नसेल तर हुशार मुलगी वा मुलगा आचार्य पदवीसाठी पाच वर्षे का घालवील? म्हणजे रिक्त पदांचा प्रश्न आणि शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. आजची कोरी नोंदवही उद्याच्या वर्गातील कोऱ्या फळ्यापर्यंत पोहोचते.

नवी साधने, जुना पाया

पुढील काळात संशोधनाची साधने झपाट्याने बदलतील. उपग्रहाची छायाचित्रे, ड्रोन, संगणकाने दिलेला सल्ला यांची ओळख आपणांस होऊ लागली आहे. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादन तंत्राने विकसित केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. या तंत्रात बाहेरचे जनुक कायमचे न घालता वनस्पतीच्या स्वतःच्याच जनुकात नेमक्या जागी बदल केला जातो. त्यामुळे काही कामांस लागणारी वर्षे कमी होतील, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.

परंतु हे दोन वाण कशापासून तयार झाले ते पाहावे. एकाचा मूळ वाण 'सांबा मसुरी', म्हणजे 'बीपीटी ५२०४'. दुसऱ्याचा 'एमटीयू १०१०'. यातील 'बीपीटी' म्हणजे आंध्र प्रदेशातील बापटला आणि 'एमटीयू' म्हणजे तेथीलच मारुटेरू. दोन्ही कृषी विद्यापीठाची केंद्रे! आपल्या पिशवीवरील अक्षरांप्रमाणेच येथेही जुन्या केंद्राचे नाव निघाले. नवीन साधन कितीही तीक्ष्ण असो, त्यास कापण्यासाठी चांगले लाकूड लागतेच, आणि ते लाकूड दुसऱ्या कोणी अनेक वर्षे वाढविलेले असते. संगणकाच्या सल्ल्याचेही तसेच आहे. आपल्या जमिनीच्या, पावसाच्या आणि पिकांच्या नोंदी कोणी शेतात उभे राहून लिहिल्याच नाहीत, तर संगणक शिकणार कशावरून?

ज्ञानाची वाट दुहेरी असावी

विद्यापीठाने शिकवावे आणि शेतकऱ्याने शिकावे, एवढेच नाते पुरेसे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या भातखाचरात वेगळ्या दिसलेल्या ओंब्या राखल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक दाण्याचा 'एचएमटी' हा वाण तयार केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्यास मिळाले आणि तो दूरवर पसरला. त्या वाणावर पुढे संशोधन केंद्रातही काम झाले. परंतु मूळ निवडीचे श्रेय त्यांना वेळेवर मिळाले नाही, याबद्दल बरीच चर्चा झाली. खोब्रागडे यांचे २०१८ मध्ये निधन झाले. पैदासकार जे काम नोंदवही घेऊन करतो तेच त्यांनी नजरेच्या बळावर केले होते. असा शेतकरी भेटल्यावर त्याच्यापासून शिकणे आणि त्याचे नाव प्रथम लिहिणे, हे विद्यापीठाच्या प्रतिष्ठेस शोभणारे आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आता शेतकऱ्यास स्वतःच्या वाणाची नोंदणी करण्याचा अधिकारही दिला आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनी काय करावे

विद्यापीठाचे भवितव्य केवळ शासनाच्या हाती आहे असे नाही. पुढील गोष्टी आपणही करू शकतो.

१. प्रश्न लिहून न्यावा. "पीक पिवळे पडले" एवढ्याने निदान होत नाही. वाण, पेरणीची तारीख, दिलेली खते, केलेल्या फवारण्या, पावसाचा खंड आणि पिवळेपणा जुन्या पानांवर की नव्या पानांवर हे लिहून, मुळासकट रोप घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात वा संशोधन केंद्रात जावे. अनेकांचा सारखाच प्रश्न आला म्हणजे तो संशोधनाचा विषय होतो.

२. तुलनेचा पट्टा ठेवावा. नवीन वाण वा नवीन औषध वापरताना दोन-चार ओळी नेहमीच्या पद्धतीने ठेवाव्यात आणि दोन्हींचे उत्पादन वेगळे मोजावे. त्याशिवाय फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

३. शिवारफेरीस जावे. विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर होणाऱ्या शिवारफेऱ्या व मेळावे चुकवू नयेत. उभे पीक पाहून वाणाविषयी जे कळते ते माहितीपत्रकातून कळत नाही.

४. गावी येणाऱ्या विद्यार्थ्यांस कामास लावावे. कृषी पदवीचे विद्यार्थी अंतिम वर्षात ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यांत राहतात. त्यांना चहा पाजून निरोप देऊ नये. माती नमुना काढणे, बीजप्रक्रिया, सापळ्यातील पतंगांची मोजणी ही कामे त्यांच्याबरोबर करावीत आणि आपल्या शेताचा खर्च-उत्पन्नाचा खरा हिशेब त्यांना दाखवावा. त्या पाच-सहा महिन्यांत एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात जो प्रश्न रुजेल, तोच कदाचित त्याच्या पुढील संशोधनाचा विषय होईल.

५. घरचे जुने बियाणे जपावे. वाल, राळा, गावरान ज्वारी, डोंगरउतारावरील नाचणी यांचे वेगळे वाण कोणाकडे असतील तर ते नाहीसे होण्यापूर्वी संशोधन केंद्रास कळवावे व नोंदणीची चौकशी करावी.

६. आपले म्हणणे योग्य ठिकाणी मांडावे. विद्यापीठांच्या कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. रस्ता आणि वीज मागताना आपल्या तालुक्याजवळील संशोधन केंद्रावर पैदासकार आहे की नाही, हेही विचारावयास हरकत नाही.

उपसंहार

त्या वयस्क शेतकऱ्यांना त्या दिवशी जे पुरतेपणी सांगता आले नाही ते येथे सांगतो. काका, आपण आज जे बी पेरता त्याचा संकर दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी केला होता. दहा-बारा वर्षांनी आपला नातू जे बी पेरील त्याचे काम आजच्या हंगामात कोठेतरी चालू असावयास हवे. आज त्या ओळींतून फिरणारा, कणसांना पिशव्या बांधणारा आणि संध्याकाळी नोंदवहीत लिहिणारा माणूस तेथे नसेल, तर त्याची उणीव आज आपणांस भासणार नाही. ती नातवास भासेल, आणि तेव्हा ती भरून काढण्यास पुन्हा दहा-बारा वर्षे लागतील. आपल्या सात एकरांचा विद्यापीठाशी संबंध आहे तो एवढाच.

येत्या हंगामात बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी तिच्यावरील अक्षरे एकवार नीट वाचावीत, खूणचिठ्ठी व पावती जपून ठेवावी आणि त्या अक्षरांचे गाव जवळ असेल तर एकदा तेथील प्रक्षेत्र पाहून यावे, अशी विनंती आहे.